घडणभार

केतकीच्या डाव्या भुवईवर घामाचा एक थेंब थांबला होता. पृथ्वीवर तो एव्हाना डोळ्यात उतरला असता. इथे, एक षष्ठांश गुरुत्वाकर्षणात, तो वाटाण्याएवढा होईपर्यंत तिथेच फुगत राहिला आणि मग सावकाश गालावर घसरला. तिने तो पुसला नाही. दोन्ही हात यंत्राच्या दांड्यावर होते.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या वसाहतीत, जमिनीखाली, हे चाचणी दालन होतं. घरी बसवायचं व्यायामयंत्र घेण्याआधी इथे वापरून बघता येई. केतकी वसाहतीच्या भाजीमळ्यात वनस्पतिशास्त्रज्ञ होती, तिचा नवरा सुधन्वा बर्फखाणीत अभियंता. तीन वर्षं दोघं घरासाठी एक यंत्र निवडत होते.

"लग्नाला मुलगी बघताना तरी एवढे दोष काढले होते का ओ?" डॉ. बेनझीर मुल्लांनी सुधन्वाला विचारलं. त्या वसाहतीच्या अस्थितज्ज्ञ, मूळच्या मिरजेच्या.

"तेव्हा एकच स्थळ आलं होतं, डॉक्टर."

केतकी हसली. दोष मात्र खरे होते. लोखंडी वजनं पहिल्या महिन्यातच बाद झाली. इथे ती उचलायला हलकी, पण थांबवायला पृथ्वीवरच्याइतकीच जड; शेजारच्या बोगद्यातल्या एकाने असल्या वजनांनी घराचं छत फोडलं होतं. स्प्रिंगा ताणतील तसा भार बदलतो, म्हणून त्या गेल्या. जड चाक फिरवून भार देणाऱ्या जडचक्राची घरघर झोपू देणार नाही, असं सुधन्वाचं मत पडलं. दर वेळी तो रात्रभर तुलना करी, तक्ते बनवी, आणि काहीतरी खोट निघे. खोट निघाली की केतकीलाही थोडं हायसं वाटे. असं का, याचा तिने विचार केला नव्हता.

आता उरलं होतं निर्वात नळकांडं.

"यात खोट काढूनच दाखवा," डॉ. मुल्ला म्हणाल्या. "दट्ट्याच्या एका बाजूला घरातली हवा, दुसऱ्या बाजूला बाहेरची पोकळी. हवा दट्ट्याला आत ढकलते, तुम्ही तिच्याविरुद्ध ओढायचं. गुरुत्वाकर्षणाचा संबंधच नाही. नळकांडं जितकं रुंद, तितका भार जास्त. भिंतीला छिद्र मात्र एकच पाडू देतात. त्यामुळे अरुंद की रुंद, ते आज सांगा."

"रुंदच," केतकी म्हणाली. "आम्हाला परत जायचंय."

पृथ्वीवर, चिपळूणला, त्यांची मुलगी रेवा मावशीकडे वाढत होती. लहान मुलांना वसाहतीत आणायला बंदी होती. इथे वाढलेली हाडं पृथ्वीवर शरीर पेलत नाहीत. रेवा मल्लखांब करायची. परवाच तिने विचारलं होतं, "आई, स्पर्धेला येशील, की पुन्हा मशीन बघायचंय?"

डॉ. मुल्लांनी सुधन्वाकडे पाहिलं. तो दट्ट्याच्या वंगणावर बोट फिरवत होता.

"'आम्हाला' म्हणजे?" डॉक्टरांनी सावकाश विचारलं. "तुम्ही यांना सांगितलं नाही?"

सुधन्वा वंगणावर बोट फिरवतच राहिला.

"काय सांगितलं नाही?" केतकीने दांडा सोडला. दट्ट्या धप्पकन आत गेला.

डॉ. मुल्लांनी पडद्यावर दोन रेषा काढल्या, एक सरळ आडवी, एक उतरती. "पृथ्वीवर चालण्याइतकं हाड पुन्हा घडवायला ठरावीक भार लागतो. तो आम्ही घडणभार म्हणतो. तो बदलत नाही. दुसरा भंगभार, म्हणजे जेवढ्या भाराला हाड मोडतं तो. इथे राहाल तसा तो उतरत जातो. तुमच्या सध्याच्या रबरी पट्ट्यांच्या व्यायामाने उतार थोडा कमी होतो, एवढंच. आणि एक दिवस रेषा एकमेकींना छेदतात."

"मग हळूहळू भार वाढवायचा."

"घडणभारापेक्षा कमी भाराने फक्त हाडाची गळती थांबते. हाड वाढत नाही. रेषा छेदल्या की जो भार हाड घडवणार, त्याआधीच ते मोडणार. वाट बंद." त्यांनी सुधन्वाकडे बोट केलं. "यांच्या खुब्याच्या रेषा गेल्या वर्षी छेदल्या. मी तेव्हाच सांगितलं होतं. रुंद नळकांडं यांना आता वापरता येणार नाही."

दालनाला खिडकी नव्हती. हवा खेळवणाऱ्या पंख्याचा एकसारखा आवाज येत होता.

"गेल्या वर्षी," केतकी म्हणाली. "जडचक्र नको म्हणालास ते त्यानंतर."

"आवाज खरंच होता, केतकी."

"माझ्या रेषा?"

"तुमच्यात थोडं अंतर आहे अजून," डॉ. मुल्ला म्हणाल्या. "पृथ्वीवरून आता येणाऱ्या यानाने नळकांडं मागवलं तर जमेल. पुढच्या यानापर्यंत थांबलात, तर तुमच्याही छेदतील."

केतकीला गणित करायला वेळ लागला नाही. यंत्र ठरत नव्हतं तोवर तिचीही रेषा उतरत होती. आणखी एक खोट निघाली असती, की तिचीही वाट बंद झाली असती.

"माझ्याही रेषा छेदायची तू वाट बघत होतास."

"नाही गं. रोज वाटायचं, उद्या सांगू. सांगितलं असतं तर तू गेली असतीस. न सांगता..." त्याने वाक्य सोडून दिलं. मग घाईने म्हणाला, "अरुंद घेऊया. दोघांनाही वापरता येईल. इथे आयुष्यभर ठणठणीत राहू. रेवा मोठी झाली की ती येऊ शकते."

"आणि आली की तिच्याही रेषा उतरायला लागतील."

त्याने बोटावरचं वंगण तळहाताला पुसलं. ती त्याच्या हाताकडे बघत राहिली; बोटं काळी झाली होती. या माणसाबरोबर तिने इथे पहिलं टोमॅटोचं रोप जगवलं होतं. आपल्याला हायसं का वाटायचं, ते आता तिला कळलं. यंत्र येईपर्यंत तिला कुणालाच सोडावं लागत नव्हतं.

"तुम्ही दोघं घरी बोलून..." डॉ. मुल्ला उठू लागल्या.

"नको, डॉक्टर. घरी गेलो की आम्ही पुन्हा तुलना करत बसू." तिने दांडा पुन्हा हातात घेतला. "रुंद लिहा. माझ्या मापाचं. सुधन्वा, मी एकटी परत जातेय."