आधी आवाज, मग मार

खोटं वाटत असेल तर पुढं वाचू नका. मी वंदना. लग्नांत हळदीची गाणी गाते, भुताखेताच्या गोष्टी सांगून पोट भरत नाही.

ही रात्रीची नाही, भर दुपारची गोष्ट आहे. मागच्याच महिन्यातली, बुलढाण्यातली.

माझा धाकटा भाऊ शेखर ऑक्टोपॅड वाजवतो. जीवनच्या स्टुडिओत आमचं रेकॉर्डिंग होतं. पॅडवर काडी मारली की एका छोट्या डब्बीतून कॉम्प्युटरला निरोप जातो, मग स्पीकरमधून आवाज येतो. त्या दिवशी डब्बी बिघडली होती. आवाज मागं पडायचा आणि ताल मोडायचा.

जीवनने कपाटातून दुसरी, जुनी डब्बी काढून लावली.

"आता पाह्य, एकदम मक्खन चालीन."

शेखरने काडी उचलली आणि...

आवाज आधी आला. काडी नंतर पडली.

"ताई, हे त आधीच वाजून राह्यलं वो!" शेखर हसला.

"आवाज उशिरा येते बे, आधी कसा येईन?" जीवनने काडीजवळ माईक धरून पुन्हा रेकॉर्ड केलं. स्क्रीनवर पॅडची खूण आधी होती... काडीची नंतर.

जीवनचं तोंड उतरलं. शेखरने काड्या खाली ठेवल्या.

तरी डब्बीचा लाल दिवा लागला...

धप्प.

हा ढोलकीचा आवाज नव्हता. अंगावर लाठी बसल्याचा होता. लगेच शेखरचा उजवा हात आपोआप वर गेला आणि टेबलाच्या लोखंडी कडेवर आदळला.

"ताई, मी नाही करून राह्यलो! धर मले!"

धप्प... पुन्हा हात. बोटं मोडल्याचं मी ऐकलं. माझ्या साडीवर रक्त उडालं. मी त्याचा हात छातीशी कवटाळला, तर त्या हाताने मलाच फरफटत नेलं. एवढासा काडीपैलवान पोरगा!

"जीवन, मुडद्या, काढ ना ते!" मी बोंबलले.

त्याने वायर उपटली. दिवा चालूच... धप्प. शेवटी त्याने डब्बी बुटाखाली चिरडली, तेव्हा कुठं हात सुटला.

दवाखान्यात जीवन रडत बोलला. डब्बी धाड गावच्या जानरावची होती. तो बँडमध्ये पॅड वाजवायचा. एका वरातीत भांडण पेटलं. लोकांनी आधी त्याचे हात ठेचले, मग डोकं फोडलं.

"काऊन नाही सांगतलं?" म्हणत मी तिथंच त्याच्या थोबाडीत दिली.

दुसऱ्या दिवशी त्याने रेकॉर्डिंग दाखवलं. हातावर बसलेला प्रत्येक ठोका त्यात होता. मग खूप मोकळी जागा... आणि आणखी एक ठोका. सगळ्यांत जोराचा. तो अजून कोणाला बसला नव्हता.

तेव्हापासून काहीही आदळलं की मी धावत जाऊन शेखरचं डोकं दोन्ही हातांनी झाकते. तो चिडतो. "मी काय लहान हाओ का?" म्हणतो. आज माझं न ऐकता तो धाडला गेलाय, मित्राच्या वरातीत नाचायला.

एवढं लिहून होत होतं, तेवढ्यात मागच्या खोलीत...

धप्प.

सगळं घर पाहून आले. काहीच पडलेलं नाही. त्याच्या फोनची रिंग जाते, तो उचलत नाही.

धाडचं कोणी वाचत असेल तर पाया पडते. उजव्या हाताला प्लास्टर आहे, लगेच ओळखू येईल. माझ्या भावाला त्या वरातीतून बाहेर काढा.