तिजेची दुसरी दुरडी

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण यातलं काहीही मनाने रचलेलं नाही. जिच्यासोबत हे घडलं, ती शिवकन्या आजही सेनगावकडच्या गोरेगावजवळच्या तांड्यावर राहते.

जानेवारी २००८. सेनगावचं एक मंगल कार्यालय. कॉलेजच्या पोरांचा युवा चित्रपट महोत्सव.

वेळ भर दुपारी बाराची.

रात्र असती तर मनाची समजूत तरी घालता आली असती.

शिवकन्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तांड्यातल्या कुलदीपने मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर तिजेची, म्हणजे बंजाऱ्यांच्या श्रावणातल्या सणाची, फिल्म केली होती, म्हणून ती आलेली. तिजेला तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी दुरडीत गहू पेरतात, रोज पाणी घालतात आणि उगवलेल्या दुरड्या डोक्यावर घेऊन तळ्यात शिरवायला, म्हणजे पाण्यात सोडायला, नेतात.

त्याच तळ्यात, फिल्मच्या आदल्या साली, तिची धाकटी बहीण दिपा बुडाली होती.

शिवकन्या सगळ्यांना सांगायची, हात निसटला.

खरं म्हणजे तिने तो सोडला होता. आपणही ओढले जाऊ, या भीतीने.

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तिचं मन तिला खात होतं. म्हणून पुढच्या तिजेला, फिल्म झाली त्याच साली, तिने दोन दुरड्या पेरल्या. तिची आई बेबीबाई संतापली.

“गेलेल्या लेकराच्या नावानं पेरत न्हाईत. काहून बोलावून राहिलीस तिला?”

शिवकन्येने दुसरी दुरडी गोठ्यामागे लपवली. रोज पाणी घातलं. तिच्यात एक दाणाही उगवला नाही.

तर आता मंगल कार्यालयात पडदे ओढून अंधार केलेला. शिवकन्येच्या उजवीकडे तिची वर्गमैत्रीण संपदा. डावीकडची खुर्ची कुलदीपसाठी धरलेली, तिच्यावर पिशवी.

फिल्म सुरू झाली. दुरड्या घेऊन पोरी ओळीने तळ्याकडे निघाल्या. सगळ्या पाठमोऱ्या. शिवकन्या सगळ्यात मागे होती, तिला नीट आठवत होतं. एकूण नऊ जणी.

तिने सहज मोजल्या...

दहा.

पडद्यावर तिच्या मागे अजून एक पोरगी चालत होती. बुटकी. एका हाताने डोक्यावरची दुरडी धरलेली. दुसरा हात पुढे केलेला, कुणीतरी धरावा म्हणून.

तिच्या दुरडीतला गहू वीतभर वाढला होता.

“संपदा, पोरी किती हायेत गं?”

“नऊ. का गं?”



मग वास आला... ओल्या मातीचा.

मग आवाज. डावीकडून.

टप... टप...

तिकडे बघायची तिची छाती झाली नाही. पडद्यावरची पोरगी थांबली. हळूहळू तिने मान वळवायला घेतली...

आणि लाईट गेली.

भारनियमनाचे दिवस होते. पोरांनी शिट्ट्या मारल्या. “जनरेटर लावा रे,” कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात तिच्या डाव्या हातात एक हात आला.

लहानसा. थंडगार. भिजलेला.

शाळेत जाताना रोज धरलेला हात. तो ओळखायला तिला उजेड लागत नव्हता. तो ओढत नव्हता, दुखवत नव्हता. नुसता धरून होता.

दीड वर्ष शिवकन्येने देवाजवळ एकच मागितलं होतं. तो हात एकदा परत धरायला मिळू दे.

तिने तो झटकून टाकला.

लाईट आली. पडद्यावर तळ्यात नऊ दुरड्या तरंगत होत्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. कुलदीप येऊन खाली बघत म्हणाला, “पिशवी काहून खाली टाकलीस? अन् खुर्चीवर पाणी कोणी सांडलं?”



पुढे कुलदीपने सीडी दिली. तिने ती कितीतरी वेळा लावून पाहिली. दर वेळी नऊच.

आज शिवकन्येला स्वतःचं लेकरू आहे. तिजेच्या दिवशी सगळ्या बाया तळ्यावर जातात, ती घरीच थांबते. दिपाची भीती वाटते म्हणून नाही, असं ती म्हणते.

तो हात पुन्हा आला, तर आपण काय करू... हे तिला अजूनही सांगता येत नाही.