गोड शेवट

प्रयोगशाळेच्या पडद्यावर कातळमाथ्याचा डोंगर दिसत होता. उतारात पुरलेले संवेदक सांगत होते, की माती पाण्याने तट्ट फुगली आहे आणि संध्याकाळपर्यंत सुटणार. खालच्या गावात भोंगा कधीचाच वाजला होता. घराबाहेर मात्र कोणी पडलं नव्हतं.

ऋजुता सामंत बघत बसली. त्या गावात तिचे आबा होते, आणि तरी तिला भीती वाटत नव्हती. त्याचंच तिला थोडं नवल वाटलं.

गावासाठीचा स्मृतिपट तिनेच केला होता. दरड का कोसळते यावरची तज्ज्ञांची भाषणं गावाने या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिली होती. स्मृतिपटाचं तसं नव्हतं.

"साधा चित्रपट आपण पाहतो," मेंदूतज्ज्ञ डॉ. टिळेकर तेव्हा म्हणाले होते, "हा आपल्यावर गुदरतो. मेंदू त्याला स्वतःच्या आठवणींत जागा देतो. ऐकलेलं माणूस विसरेल, सोसलेलं नाही विसरत."

आणि खरंच, पाणी मुरून माती कशी निसटते हे गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही उमगलं. फक्त पहिल्या खेळानंतर बायका फार रडल्या, म्हणून ऋजुताने शेवटी एक प्रसंग जोडला. पाऊस ओसरतो, भोंगा ऐकून छावणीत गेलेले सगळे घरी परततात, चुली पेटतात. ज्याचा शेवट गोड ते सारंच गोड, एवढाच तिचा हिशेब. पुढे गावाने तोच पट पुन्हापुन्हा पाहिला.

तिने स्पीकरवर फोन लावला. "आबा, भोंगा ऐकलात ना? निघा."

"कुठं? जाऊन आलो की. छावणीत राहिलो, घरी आलो, चूल पेटवली."

"तो पट होता, आबा."

"ते कळतंय गं. पण पाय उचलत नाही. टळलंय सगळं, असंच वाटतंय बघ."

शेजारी उभ्या टिळेकरांचा चेहरा उतरला. "पट न पाहिलेली माणसंच त्यांना उचलून आणू शकतील. मी पाहिलेला नाही, मी निघतो. तू आधी बचाव पथकाला फोन कर," म्हणत ते धावत बाहेर पडले.

ऋजुताने मान डोलावली. जुळवणी करताना तिने तो पट अख्ख्या गावापेक्षा जास्त वेळा पाहिला होता. आबा सुखरूप घरी परतलेले तिला लख्ख आठवत होते. पडद्यावर उताराची रेघ लाल झाली. कळत होतं, वळत नव्हतं.

"बरं आबा," ती फोनमध्ये म्हणाली, "वेळेवर जेवून घ्या."