वाढत्या अंगाचं

“ही पिशवी कुणी कापली?”

प्रश्न साधाच होता आणि त्याचं उत्तर घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, तरीही धाकटीच्या नवऱ्याने तो अशा काही आवाजात विचारला, की भिंतीवरचं घड्याळसुद्धा क्षणभर टिकटिक करायला विसरलं असेल... सगळे नुकतेच दवाखान्यातून परतले होते. दीड वर्षांचा गोळू बापाच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपला होता. आता भीती नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. बाळ अगदी ठणठणीत आहे, पण जरा उशिरा कुणाचं लक्ष गेलं असतं तर मात्र... हे वाक्य त्यांनी पुरं केलंच नाही. आणि अपुरं वाक्य फार वाईट हो! ते माणसाच्या मागे मागे पार घरापर्यंत येतं.

झालं होतं ते असं. दुपारी गोळू आपल्या कठड्याच्या कॉटमध्ये झोपला होता, आणि त्याच्या अंगात होती झोपेची पिशवी. खांद्यांपासून पावलांच्याही खाली जाणारी, बिनबाह्यांची, मऊ अस्तराची. एकदा ती अंगात घातली की कॉटमध्ये दुलई नको, चादर नको, तोंडावर येईल असं काहीसुद्धा नको! किती छान कल्पना ना? पण त्या पिशवीचा गळा सैल होता. झोपेत वळता वळता गोळू त्या गळ्यातून खाली, आत घसरला, डोक्यासकट. बाप सहज डोकावला म्हणून बरं... त्याला कॉटमध्ये दिसली ती चेहरा नसलेली एक पिशवी.

थोरली दाराशी उभी होती. धाकटीची ही मोठी बहीण याच घरात राहायची, लहान मुलांचे झोपेचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतून कापायचं काम करायची, आणि ही पिशवी तिनेच बेतली होती, तिनेच शिवली होती. तिने खाली पडलेली पिशवी उचलली. सवयीने तिची बोटं गळ्यावरून फिरली... आणि खांद्यापाशी येऊन थिजली.

गळ्यालगत तिने घातलेल्या दोन्ही चुण्या तिथे नव्हत्या! कुणीतरी त्या उसवून, इस्त्री करून, खांदा लांबवला होता. जुन्या टाक्यांची बारीक बारीक भोकं अजून दिसत होती, आणि कड पक्की केली होती दुहेरी दोऱ्याने, एक टाका लांब, एक आखूड, एक चुकून भलतीकडेच. बदक चालल्यासारखे टाके! असे टाके जगात एकच व्यक्ती घालत असे आणि तिला हातात सुई धरायला थोरलीनेच शिकवलं होतं.

आई गेली तेव्हा थोरली स्वतःच जेमतेम मोठी होती आणि धाकटी तर तिच्या कमरेला लागायची. तेव्हापासून धाकटीचा प्रत्येक फ्रॉक थोरलीने शिवला, आणि प्रत्येक फ्रॉक वाढत्या अंगाचा! पहिल्या वर्षी बाह्या बोटांच्या टोकापर्यंत, दुसऱ्या वर्षी मनगटापर्यंत. मग खांद्याच्या चुण्या उसवायच्या, की झाला फ्रॉक नवा. धाकटीला वाटायचं, आपली ताई जादूगार आहे. तीच जादू तिने आज आपल्या बाळाच्या पिशवीवर करून पाहिली होती, ताईच्या हातची पिशवी पुढच्या थंडीतही त्याच्या अंगात असावी म्हणून... खांदा उसवला की गळा पसरतो, हे तिच्या गावीही नव्हतं. मायेनेच केलं होतं सगळं. मायेनेच!

थोरलीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. धाकटी खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, आणि तिचे हात मांडीवर असे पडले होते, जणू कुणीतरी सांभाळायला म्हणून ठेवून गेलंय. दुपारपासून तिने गोळूला एकदाही घेतलं नव्हतं. दवाखान्यात नवऱ्याने तिच्याकडे बाळ दिलं तर ती मागे सरली होती. तूच घे, माझ्या हातून काहीतरी होईल, असं म्हणाली होती.

ते शब्द थोरलीने आधीही ऐकले होते. गोळू झाला तेव्हा कितीतरी आठवडे धाकटी हेच म्हणत होती! मी पाडीन त्याला, मी दाबीन त्याला, घेऊन जा त्याला माझ्याजवळून... आणि थोरली रोज तिच्या शेजारी बसून, तिच्या थरथरत्या हातांखाली आपले हात धरून, बाळ त्या हातांत ठेवायची आणि हळूच, अगदी हळूच, आपले हात काढून घ्यायची. असं करता करता एक आई उभी राहिली होती. आज जर त्या हातांना कळलं, की...

“मीच कापली,” थोरली म्हणाली. “गळा माझ्याकडून सैल राहिला.”

धाकटीचा नवरा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. “सगळ्या जगाच्या पोरांना मापात शिवता, ताई,” तो हळू आवाजात म्हणाला, “आमचाच तेवढा मापाबाहेर राहिला?”

मग तिने राहायला दुसरीकडे कुठेतरी सोय बघावी, असंही तो म्हणाला, अगदी सभ्यपणे, अहोजाहो करत. धाकटीने तेवढ्यात एकदाच डोळे वर केले. त्या डोळ्यांत राग नव्हता, काहीतरी फार लहानपणीचं होतं... तू? ताई, तूसुद्धा? ती एक नजर थोरलीने आपल्या सामानाबरोबर उचलली, आणि बाकीच्या सगळ्या सामानापेक्षा ती जड निघाली. पिशवी तिने तळाशी घातली होती, कुणाला दिसू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी तिने त्या पिशवीच्या चिंध्या केल्या.

कारखान्याच्या वर एक खोली होती, जुने कागदी बेत ठेवायची. मालकीणबाईंनी ती तिला दिली. खिडकी, खाट, एक चूल, एक ताट... एकटं ताट किती आवाज करतं, हे तिला तिथे कळलं. दिवसभर खाली मशिनांचा गडगडाट असायचा तोवर बरं वाटायचं. सुट्टीच्या दिवशी मात्र मशिनं आपापली कापडं पांघरून गप्प बसायची, आणि थोरली जिन्याच्या पायरीवर बसून रस्त्यावरची पोरं पाहायची. गोळूच्या वयाचं पोर दिसलं की तिची नजर त्याच्या खांद्यांवर जायची. एवढे झाले असतील का त्याचे खांदे? पाय आता या उंचीला आले असतील? त्याचं अंग तिच्यापासून दूर, तिला न विचारता वाढत होतं, आणि ती, जिने अवघ्या गावाच्या पोरांची मापं घेतली, ती त्याचं माप अंदाजाने धरत होती!

आणि मग तिने काम काढलं. असं काम, की मालकीणबाईसुद्धा चक्रावल्या. तिने वाळू भरून दीड वर्षांच्या पोराच्या वजनाचा एक बाहुला केला आणि त्याला पिशवीत घालून ती रोज उलटा धरायची, हलवायची, कुशीवर वळवायची, कुठून तो निसटतो ते पाहायची. बायकांनी त्याचं नाव ढब्बूशेठ ठेवलं. बटणं लावणारी म्हणायची, अहो ताई, शेठना कधीतरी दोन घास तरी द्या, नुसतंच टांगून काय ठेवता! थोरलीही हसायची. हसणं संपलं की तिचा चेहरा परत जागच्या जागी जायचा, ड्रॉवर बंद केल्यासारखा.

नव्या पिशवीला तिने नाडी ठेवली नाही, फीत ठेवली नाही. चेन बंद होई ती पायाशी, म्हणजे बाळाच्या चिमुकल्या बोटांना ती उघडता येऊ नये. बटणंही गेली, कारण तुटलेलं बटण पोराच्या तोंडात जातं. त्यावर बटणवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, म्हणजे माझ्या पोटावर पाय ना! तळाला पावलांपुरत्या दोन वाटा ठेवल्या. पोराला त्यातून दुडुदुडु चालता येई, पण तंगडी टाकून कठडा ओलांडता येत नसे. हे सगळं मालकीणबाईंना मान्य होतं. अडलं ते एका गोष्टीवर. थोरलीला खांद्याला शिवणच नको होती! पुढचा भाग, मागचा भाग, सगळं एकाच अखंड कापडातून. न चुणी, न आत दुमडलेलं जादा कापड. शिंपीकामात त्या जादा कापडाला माया म्हणतात, आणि थोरली म्हणत होती, खांद्यात बोटभरही माया ठेवायची नाही.

मालकीणबाईंनी समजावून पाहिलं. कापड फुकट जातं, बेत धड बसत नाही, आणि दुकानात आया विचारतात, पुढच्या वर्षी होईल का हो ही? थोडं वाढत्या अंगाचं द्या ना!

“पुढच्या वर्षी मोठी घेऊ दे त्यांना,” थोरली म्हणाली. “एखादी आई प्रेमाने खांदा उसवते, गळा पसरतो, आणि पोर आत घसरतं. झोपलेलं पोर वाढत्या अंगाचं नसतं, बाई. ते त्या घटकेला असतं तेवढंच असतं.”

मालकीणबाईंनी मग तशीच पिशवी काढली, आणि आया विचारतील तेव्हा कारण सांगता यावं म्हणून दुकानांनाही ते कळवून ठेवलं.

मधे एकदाच तिने धाकटीला पाहिलं. बाजारात, रस्त्याच्या पलीकडे. धाकटीनेही तिला पाहिलं, आणि झटकन वळून एका भांड्यांच्या दुकानातल्या पातेल्यांकडे अशी निरखून बघू लागली, जणू जन्मात पातेलं पाहिलं नव्हतं! थोरलीच्या काळजाचं पाणी झालं... पण तेवढ्यात तिला दिसलं, की धाकटीच्या कडेवर गोळू होता. कडेवर! एका हाताने त्याला धरून, दुसऱ्या हाताने पातेलं उलटंसुलटं करत होती ती, अगदी सहज, न घाबरता. थोरली घरी आली ती पिसासारखी हलकी होऊन. घेतेय ना ती त्याला? मग झालं तर. मग ही खोली, हे ताट, ही शांतता, सगळं वसूल! असं तिने स्वतःला सांगितलं, आणि मग उशीत तोंड खुपसून पोटभर रडली.

त्यानंतर बरेच दिवस गेले. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, सगळ्या बायका मागच्या अंगणात डबे घेऊन गेल्या होत्या आणि थोरली टेबलावर कागद पसरून बसली होती, तेव्हा दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं.

धाकटी. हातात नवी कोरी झोपेची पिशवी. मागे, दारालगतच्या मोकळ्या जागेत तिचा नवरा उभा होता आणि त्याच्याभोवती एक पोर गोल गोल धावत होतं... केवढं मोठं झालं होतं ते! थोरलीचे सगळे अंदाज चुकले होते.

“याला खांद्याची शिवण नाही,” धाकटी म्हणाली. ना नमस्कार, ना कशी आहेस. “दुकानातून आणली. जरा वाढवून ठेवावी म्हणून उसवायला बसले, तर उसवायला काही नाहीच.”

थोरली उठली. ती कसंबसं म्हणाली, की हल्ली नवी पद्धत आहे, कापडाची गरज असते, अमुक असतं, तमुक असतं...

“मी परत दुकानात गेले,” धाकटी तिला मधेच तोडत म्हणाली. “दुकानातल्या बाई म्हणाल्या, कारखान्यातल्या ताईंनी मुद्दाम तशी केलीय. खांदा उसवला की गळा पसरतो, आणि पोर आत घसरतं. एखादी आई प्रेमाने उसवून बसायची, म्हणून.” तिने पिशवीचा खांदा पुढे धरला. “ताई, मी उसवला होता खांदा.”

बाहेर गोळू खिदळत होता. थोरलीने ते हसू कान भरून ऐकलं आणि मग शेवटची धडपड केली... नाही ग, गळा आधीच सैल होता, तुझ्या उसवण्याने काय होणार, माझीच कात्री चुकली...

“तुझी कात्री?” धाकटी म्हणाली. “तुझी कात्री कधी चुकली आहे? आयुष्यभर मला खोटं बोलायला देत नव्हतीस, आणि स्वतः काय करतेस?” आणि तिचा सगळा ताठा एकदम ओघळला. ती स्टुलावर बसली, तिने पिशवी तोंडाशी धरली. “तू सांगितलं का नाहीस? त्यांनी तुला घराबाहेर काढलं, मी नुसती बघत बसले... मी बाजारात तोंड फिरवलं तुला बघून! का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं,” थोरली हळूच म्हणाली, “तर तू त्याला परत कशी उचलली असतीस?”

धाकटीने आपले दोन्ही हात समोर धरले आणि ती त्यांच्याकडे पाहत राहिली. ज्या क्षणाला भिऊन थोरलीने इतकं सगळं एकटीने सोसलं होतं, तो क्षण शेवटी आलाच! आता ते हात पुन्हा मांडीवर पडणार, परक्यासारखे. तिने धाकटीच्या केसांवरून हात फिरवला, आणि म्हणाली, की उसवायला तुला मीच शिकवलं, हात तुझा होता पण सवय माझी. पण ते धाकटीला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

तेवढ्यात बाहेर धप्प असा आवाज झाला आणि पाठोपाठ भोकाड. “आईऽऽ!”

गोळू दगडावर आपटला होता. त्याचा बाप दोन पावलं पुढे गेला आणि दाराकडे पाहून जागीच थांबला. त्याने आतलं सगळं ऐकलं होतं. त्याचे डोळे थोरलीच्या डोळ्यांना भिडले आणि लगेच खाली झुकले. थोरलीचं सगळं शरीर त्या पोराकडे ओढलं जात होतं... धावावं, उचलावं, उराशी धरावं! पण तिने टेबलाची कड घट्ट धरली. आज तिचे हात पुढे जाऊन चालणार नव्हतं.

धाकटी अजून हातांकडेच पाहत होती.

मग तिने ते हात पदराला खसाखसा पुसले, ओले असल्यासारखे, आणि ती उठली. चालत नाही, पळत गेली. वाकली, आणि तिने त्याला उचललं. कडेवर घेतलं, गुडघ्यावर फुंकर घातली, डोक्याला टेंगूळ आलंय का ते चाचपलं, दगडाला हत् म्हणून एक लाथ मारली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि हात मात्र आपलं काम करत होते, स्थिर, सरावलेले. गोळूने तिच्या मानेत तोंड खुपसलं.

थोरली दारात उभी राहून पाहतच राहिली. धाकटी मोठी झाली होती! कधी झाली? त्या खोलीत बसून रस्त्यावरच्या पोरांचे खांदे मोजताना हे एक वाढणं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. एवढ्या भाराखाली मोडेल असं जिला समजून ती दूर गेली, ती तो भार उचलून समोर उभी होती, कडेवर पोरासकट...

धाकटीचा नवरा जवळ आला. “ताई, मी तेव्हा...” एवढंच म्हणाला. राहू दे, अशा अर्थी थोरलीने मान हलवली.

“ताई!” बाहेरून धाकटीची हाक आली, अगदी जुन्या, हट्टी, वैतागलेल्या सुरात, जसं काही मधे काही घडलंच नव्हतं. “नुसती बघत काय उभी राहिलीस? रक्त येतंय त्याला. पाणी आण ना!”

आणि थोरली धावली. घाईघाईत तांब्या हिंदकळला, निम्मं पाणी पायऱ्यांवरच सांडलं, पायांत चप्पलही नव्हती... पण ती धावली!