वारेची मुळं

आरोग्य उपकेंद्रातल्या बाकावर बसून अवनी येलेकरने पोटाला पट्टा बांधला आणि ती समोरच्या पडद्याकडे पाहू लागली. तिला विसावा आठवडा लागला होता. वारदर्शी पट्टे गावोगावी येऊन दोनच वर्षं झाली होती. ध्वनिलहरींवरून पट्टा गर्भाला पोसणाऱ्या वारेचं चित्र काढायचा. वार गर्भाशयाला नुसती चिकटलेली असेल तिथे हिरवा रंग दिसे. मुळं स्नायूत शिरली असतील तिथे लाल.

आज जवळजवळ सगळं चित्र लाल होतं.

परिचारिका बोरकुटेताईंनी पट्टा सोडून पुन्हा बांधला. रंग बदलला नाही. मग त्यांनी वडशाच्या डॉक्टर शमीम काझींना पडद्यावर बोलावलं.

"पहिल्या वेळी काय झालं होतं, अवनी?"

"मुलगी, ओवी, नीट झाली. वार तेवढी अडकली होती, हाताने काढली. दहा दिवसांनी खूप रक्त जायला लागलं. आत तुकडा राहिलाय म्हणाले आणि गर्भाची पिशवी खरवडली."

काझी म्हणाल्या, "खरवडलं तिथलं अस्तर नीट भरून आलेलं नाही. अस्तर नसलं की वार खोल जाते. मग ती आपोआप सुटत नाही, आणि ओढली तर रक्त थांबत नाही. चौतिसाव्या आठवड्यात नागपूरला शस्त्रक्रिया करू. बाळ काढू, आणि वारेसकट पिशवीही."

"बाळ वाचेल ना?"

"तिथवर पोचलो, तर वाचेल."

नवऱ्याने, निखिलने, तिसाव्या आठवड्यापासून नागपुरात खोली ठरवली. पण सव्विसाव्या आठवड्यातच एका दुपारी, अवनीला काही जाणवायच्या आधी, घरी दिवसभर बांधलेल्या पट्ट्याने आतला रक्तस्राव ओळखला आणि रुग्णवाहिका मागवली. रक्ताच्या पिशव्या गाडीतच होत्या. त्यामुळे ती जगली; गर्भाशय मात्र काढावं लागलं.

मुलगा झाला. नऊशे ग्रॅमचा. दोन दिवस होता. अवनी शुद्धीवर आली तेव्हा निखिल त्याला पुरून आला होता. त्याच्या नखांत माती होती.

महिन्याभराने काझी घरी आल्या.

"पट्टा नसता तर तू आज नसतीस," त्या म्हणाल्या.

"हो. पण पुढच्या वेळी असं होऊ शकतं, हे ओवी झाली तेव्हाच मला कुणी का सांगितलं नाही?"

"तुझ्या तेव्हाच्या कागदांवर आहे. इंग्रजीत, एक ओळ."

"मला वाचता आली नाही ती."

"कळलं असतं, तर काय केलं असतंस?"

"माहीत नाही. कदाचित दिवस राहूच दिले नसते. कदाचित सुरुवातीपासून नागपुरात राहिले असते. पण जे काही ठरवायचं, ते मी ठरवलं असतं."

चहा तसाच ठेवून काझी गेल्या.

दिवाळीनंतर शेजारच्या गल्लीतली किमया बाळंत होऊन घरी आली. बायका बाळाला पाहायला जमल्या, नाक कुणासारखं यावर बोलणं चाललं. अवनी येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. ती आली तशा बायका सरकून बसल्या. तिने बाळाच्या पायाला हात लावला, पण त्याला उचलून घेतलं नाही. मग ती किमयाजवळ खाटेवर टेकली आणि हळू आवाजात म्हणाली,

"तुझी वार आपोआप पडली, की काढावी लागली?"