चौथा कोपरा

लग्न होऊन मी सालेकशाजवळच्या या घरात आले आणि घराला फरशी बसवायचं ठरलं. गोंदिया शहरातली सून शेणानं सारवेल का, ही सगळ्यांना काळजी. मला कुणी विचारलं नव्हतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "आतली खोली राहू द्या." त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं.

बाकी घर झालं. शेवटी तीच खोली उरली. त्या दुपारी घरात मी, सासूबाई आणि शालीकराम मिस्त्री. ते कोपरे तपासत होते. कोपऱ्यापासून एका भिंतीलगत तीन फुटांवर खूण, दुसरीलगत चार फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर पाच भरलं की कोपरा काटकोनात. टेपचं दुसरं टोक मी धरलं.

तीन कोपरे पाच भरले. चौथा पाच फूट आणि वर दोन बोटं.

"भिंत बांधणारा मोहाची पिऊन होता का जी?" मिस्त्री हसले. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

भिंती सरळ होत्या. तीन कोपरे काटकोनी असले की चौथ्याला दुसरा इलाजच नसतो. दहावीत शिकले होते.

मग त्यांनी त्या दोन खुणांमध्ये सूत ताणलं. ते मधोमध आमच्याकडे फुगलं, पलीकडून कुणी गुडघा टेकवावा तसं. ओल्या सिमेंटच्या वासात दुसराच एक वास मिसळला... तापानं फणफणलेल्या लेकराच्या अंगाला येतो तो.

"बाई... हे सूत काऊन वाकून राहिलं?"

"थांबा," दारातून सासूबाई म्हणाल्या. "तिले उठवते."

माझी नणंद खुशबू तीन वर्षांची असताना तापात गेली, हे मला लग्नाआधी एका वाक्यात सांगितलं होतं. कुठल्या खोलीत, ते नाही.

सासूबाई त्या कोपऱ्यात बसल्या. "ऊठ वं माय... फरशी थंडी राहते. तापात थंडीवर झोपू नाही..."

दोन्ही हातांनी त्यांनी काहीतरी उचललं, खांद्याला लावलं. सूत सरळ झालं. मिस्त्रींनी टेप लावला.

"पाच," ते पुटपुटले. वर पाहिलं नाही.

सासूबाईंनी घरभर नजर फिरवली. अंगणातसुद्धा सिमेंट पडलं होतं. या खोलीबाहेर मातीची जमीन कुठं उरलीच नव्हती.

"आता इले कुठं निजवू, सूनबाई?"

 माझे हात आपोआप पुढे झाले. त्यांनी अलगद दिलं.

वजन होतं... गळ्याशी ऊन श्वास. आणि माझं नवं मंगळसूत्र मानेमागून हळूहळू ताणलं गेलं, लेकरं मुठीत धरून ओढतात तसं.