लाल दिवा हलला!

"अगं ब्राह्मी, दिवा हलला!" श्रीपाल ओरडला.

"खांबावरचा दिवा कसा हलंल रं?"

पण ब्राह्मीनं वळून पाहिलं आणि ती दचकलीच! अंधार पडत होता. दूधगंगेच्या उतारावरचा, नाव लागते तिथला खांब रिकामा होता. लाल उजेड दिसत होता तो काठानं पुढं, खडकांवरच्या छपरात!

हा दिवा त्यांच्या आप्पाण्णाकाकांनी बनवला होता. वेंगुर्ल्याच्या बंदरात मोडीत निघालेल्या जहाजाची जाड लाल काच आणि निपाणीच्या गिरणीतल्या फुटक्या यंत्राचं पितळी कडं. उजेड थेट नदीपार जायचा. नावाडी भावकू त्याच्याच रोखानं नाव काठाला आणायचा.

"भावकूअण्णा बाजारची माणसं घेऊन निघाला असंल," शेजारचा भरमा म्हणाला. "नाव खडकावर आदळंल की!"

"आई हाय नावंत!" श्रीपालचा आवाज चिरकला.

दिवाळीच्या सुट्टीला काकांकडे आलेली ती भावंडं आणि भरमा धावत सुटले. छपरात उताराचा राखणदार शामू सोबत्यांबरोबर पत्ते कुटत बसला होता. दिवा डोक्यावर टांगलेला!

"शामूमामा, दिवा खांबावर लावा! नाव येतीया!"

"व्हय व्हय, एवढा डाव होऊ दे. पळा!"

नदीवरून वल्ह्यांचा आवाज आला. ब्राह्मी भरमाच्या कानात कुजबुजली. भरमा छपरामागं गेला आणि बोंबलला, "गुत्तेदार आलं! घोड्यावरनं आलं!"

शामूला कामावर ठेवणाऱ्या गुत्तेदाराचं नाव ऐकताच पत्ते उधळून सगळे पळाले! ब्राह्मीनं परकराचा ओचा हाताला गुंडाळून दिवा काढला. उजेड नावेला दिसू नये म्हणून श्रीपालनं नदीच्या बाजूनं छपरातलं घोंगडं आडवं धरलं.

"दिवा इझला! वल्ही थांबवा रं!" नदीवर गलका उठला.

तिघंही काठाकाठानं खांबाकडे पळाली. कडं तापलं. ओच्यातूनही ब्राह्मीची बोटं भाजू लागली.

"मी घेऊ?" भरमानं विचारलं.

"नको! हिसका बसला तर इझंल!"

भरमा सरसर खांबावर चढला. ब्राह्मीनं वर दिलेला दिवा त्यानं टांगला आणि श्रीपालनं घोंगडं खाली टाकलं. लाल उजेड पाण्यावर पसरला. क्षणभर काहीच हललं नाही. मग नावेचं टोक हळूहळू त्यांच्याकडे वळलं.

काठाला लागताच आईनं दोघांना पोटाशी धरलं. सगळं कळल्यावर भावकू खडकांकडे बघत राहिला. "पोरांनो, आज तुम्ही हुता म्हणून आम्ही घरी चाललो!" गलका ऐकून परत आलेला शामू मान वर करेना.

घरी आप्पाण्णाकाकांनी ब्राह्मीच्या बोटांना तूप लावलं. "सुट्टी हाय तवर दिवा तुम्ही तिघांनीच लावायचा. लई शाणी हाईसा! आणि कड्याला मूठ बसवू या. कसली पायजे, तूच सांग."

ब्राह्मी बोटं फुंकत मूठ शोधायला काकांच्या मोडीच्या ढिगाकडे पळालीसुद्धा!